शहरातली भीती विज्ञानाच्या तासाला येऊ द्या : नवी मुंबई महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका,
तसेच शिक्षण विभाग, आरोग्य विभाग आणि शहरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

मी कोपरखैरण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. पुढील शैक्षणिक वर्षाचे नियोजन होण्याआधी एक मागणी आपल्यापुढे यावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या शहरातील लोकांना विज्ञानातील ज्या ज्या गोष्टींचे भय वाटते, त्या गोष्टी विज्ञानाच्या तासाला वर्गात आणाव्यात आणि त्यासाठी लागणारी स्थानिक माहिती, आकडे, माणसे व भेटींची परवानगी महापालिकेने शाळांना द्यावी, ही ती मागणी.

नवी मुंबई आणि तिचा परिसर हा विज्ञानाच्या आधाराने वसलेला भाग आहे. खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी आशियातील पहिली अणुभट्टी, अप्सरा, कार्यान्वित झाली. किरणोत्सारी समस्थानिके रुग्णालयांना व उद्योगांना पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या मंडळाचे, म्हणजे ब्रिटचे, कार्यालय वाशीत आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायनांचे कारखाने साठच्या दशकापासून उभे आहेत. याच भागातील सोसायट्यांच्या सभांमध्ये मोबाइल टॉवरमुळे कर्करोग होतो म्हणून भांडणे होतात, शाळेत लस येणार म्हटल्यावर त्या दिवशी मुले गैरहजर राहतात आणि ग्रहणाच्या दिवशी शिजवलेले अन्न फेकून दिले जाते. भिणारी माणसे अडाणी नाहीत. त्यांपैकी अनेकांना दहावीला विज्ञानात ऐंशी-नव्वद गुण होते. काहींना मीच शिकवले आहे. त्यामुळे लोकांमध्ये जागृती नाही असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. विज्ञान शिकूनही भीती शिल्लक राहत असेल, तर ते आपण कसे शिकवतो याकडे पाहावे लागेल.

उदाहरण आपल्या बाजारातलेच घेते. एप्रिल-मे महिन्यांत एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, फळबाजारात हापूसच्या पेट्या उतरू लागल्या की घरोघरी तीन प्रकारच्या आंब्यांची चर्चा सुरू होते : कार्बाइड लावलेला, गॅसवर पिकवलेला आणि ‘किरणे मारलेला’. पालकांच्या बोलण्यात हे तिन्ही आंबे सारखेच घातक असतात, आणि आढीत पिकलेला तेवढा शुद्ध. प्रत्यक्षात या तिघांत फार मोठा फरक आहे. कॅल्शियम कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू निघतो, त्या पावडरीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात आणि फळे पिकवण्यासाठी तिच्या वापरावर कायद्याने बंदी आहे. ही भीती योग्य आहे आणि ती बाळगणाऱ्या गृहिणीला शाबासकी द्यायला हवी. इथिलीन हा वायू मात्र आंबा पिकताना स्वतःच तयार करतो. पिकवणगृहात तोच वायू ठरलेल्या प्रमाणात सोडला जातो आणि १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, त्याला परवानगी आहे. तिसरा आंबा अमेरिकेला जातो. त्याच्या कोयीतील कीड आणि फळमाशी तिकडे पोहोचू नये म्हणून वाशीतील राज्य कृषी पणन मंडळाच्या केंद्रात त्याला गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचे एकक) इतकी मात्रा दिली जाते. किरणांचा स्रोत फळाला शिवत नाही. किरणे फळातून आरपार जातात आणि त्यांची ऊर्जा फळाच्या अणूंना किरणोत्सारी करण्याइतकी नसते. एक्स-रे काढून घरी आलेला माणूस किरणोत्सारी होत नाही, तसेच हे आहे. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० साली १० किलोग्रेपर्यंतची मात्रा अन्नासाठी सुरक्षित ठरवली. आंब्याला दिली जाणारी मात्रा तिच्या कितीतरी खाली आहे.

आता नववीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहावे. किरणोत्सारी पदार्थ, अल्फा, बीटा आणि गॅमा किरण, त्यांचे उपयोग आणि धोके हे सगळे त्यात आहे. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि घरी जाऊन किरणे मारलेला आंबा नको म्हणतात. केंद्र शाळेपासून रिक्षेच्या अंतरावर आहे, बाजार त्याहून जवळ आहे, उत्तर पुस्तकात आहे आणि प्रश्न स्वयंपाकघरात आहे. या चारांची गाठ घालून देणारा तास मात्र वेळापत्रकात नाही.

भीतीचे मूळ मला आणखी एका ठिकाणी दिसते, आणि ते ठिकाण प्रयोगशाळेतच आहे. ओहमच्या नियमाचा प्रयोग करताना मुले विभवांतर वाढवत जातात, विद्युतधारेची वाचने घेतात आणि आलेखावर बिंदू मांडतात. सरळ रेषा यायला हवी हे सर्वांना आधीपासून माहीत असते. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की मूल इकडेतिकडे पाहते, खोडरबर काढते आणि तो बिंदू रेषेवर आणून ठेवते. पुष्कळदा प्रयोगवही आदल्या वर्षीच्या वहीवरून आधीच भरलेली असते. दहावीला प्रात्यक्षिकाचे वीस गुण असतात, ते कापले जाऊ नयेत म्हणून शिक्षकही त्याकडे कानाडोळा करतात. तो बाहेर गेलेला बिंदू म्हणजे सैल जोडणी होती, तापलेली तार होती की वाचताना झालेली चूक होती, हे शोधणे हाच खरा विज्ञानाचा तास होता आणि तो खोडरबराने पुसला गेला. स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेल्या मोजमापापेक्षा छापील उत्तर खरे, हे त्या मुलाने अशा रीतीने शिकून घेतले. हेच मूल मोठे होऊन व्हॉट्सॲपवर आलेला छापील मजकूर खरा मानते, तेव्हा त्याला दोष कसा द्यायचा?

टॉवरच्या वादातही मोजण्याचीच वाण असते. दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१२ मध्ये टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली आणि ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट इतकी ठरली. या लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंचे आयनीभवन करत नाहीत, म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर काढत नाहीत, आणि अंतर वाढले की त्यांची तीव्रता झपाट्याने घटते. सिग्नल कमकुवत असला की कानाला लावलेला फोनच जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो, म्हणजे टॉवर दूर हलवल्याने फोनचा संपर्क कमी होईल असे नाही. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, हेही मुलांना सांगायला हवे आणि त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो, हेही. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, एवढे दिवा आणि प्रकाशमापक घेऊन आठवीच्या वर्गात दाखवता येते.

लसीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिथे शाळा थेट गुंतलेली असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांमधून लस द्यायची होती. मोहिमेपूर्वीच्या पालकसभेत आमच्याकडे परिपत्रक वाचून दाखवण्यात आले, ‘घाबरण्याचे कारण नाही’ असे सांगण्यात आले आणि सभा संपली. मागच्या बाकावर बसलेल्या एका आईने संमतिपत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. तिच्या फोनवर या लसीने मुले नपुंसक होतात असा संदेश आला होता आणि हे सभेत विचारायची तिला लाज वाटत होती. लसीकरणाच्या दिवशी ती मुलाला घेऊन आली, पण दारातच उभी राहिली. तेव्हा महापालिकेच्या परिचारिकेने तिला टेबलाजवळ बोलावून लसीची कुपी हातात दिली. कुपीवर एक लहानसे वर्तुळ होते आणि त्यात चौकोन. परिचारिकेने सांगितले, “ताई, लसीला उष्णता लागत राहिली तर हा चौकोन काळा पडत जातो. तो बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. आता तुम्हीच सांगा, फिका आहे की नाही?” त्या बाईंनी कुपी उजेडाकडे धरून नीट पाहिली. मग कुपी कधी उघडली त्याची वेळ परिचारिकेने दाखवली, लस कालवल्यावर चार तासांच्या आत वापरायची आणि उरलेली टाकून द्यायची हे सांगितले, सुई एकदा वापरली की पुन्हा वापरताच येत नाही हेही दाखवले. त्यानंतर आईने दबक्या आवाजात आपला खरा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तरही तिला न हसता मिळाले. रुबेला गरोदर बाईला झाला तर बाळ बहिरे, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयात दोष घेऊन जन्माला येऊ शकते, म्हणून ही लस मुलगे आणि मुली दोघांना देतात, हे तिला कोणी आधी सांगितलेच नव्हते. तिने तिथेच सही केली.

त्या परिचारिकेने केले ते शिक्षण होते, आणि आमच्या पालकसभेत झाले ती केवळ सूचना होती. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, मुले दगावली. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतो, इतका तो संसर्गजन्य आहे. लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध जोडणारा १९९८ सालचा ब्रिटिश शोधनिबंध केवळ बारा मुलांवर आधारलेला होता आणि तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला, तरी त्याची सावली आपल्या वस्त्यांपर्यंत आजही येते. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्यास प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली आहे. वय आणि विषय पाहता, गोवर-रुबेलाच्या वेळी झाली त्यापेक्षा जास्त कुजबुज या लसीभोवती होईल हे नक्की.

इथे एक गोष्ट प्रशासनाने विसरू नये. याच लसीचा एक प्रकल्प खम्मम (तेव्हा आंध्र प्रदेशात) आणि वडोदरा जिल्ह्यांत राबवला गेला आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. परंतु आंध्र प्रदेशात अनेक संमतिपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी व मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती आणि सही चुकीची होती. त्या चुकीच्या सहीने चांगल्या लसीविषयी जो अविश्वास निर्माण केला, तो कितीही भित्तिपत्रके लावून पुसला जात नाही. म्हणून मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की उद्दिष्ट कितीही मोठे असो आणि वरून फोन कितीही येवोत, पालकाच्या जागी कोणीही सही करू नये.

सगळीच भीती अज्ञानातून येते असे मी मानत नाही, आणि आमच्या भागात राहणारा कोणीही तसे मानणार नाही. हिवाळ्यात रात्री उशिरा कोपरखैरणे, घणसोली, वाशी या भागांत रसायनांचा उग्र वास येतो, त्याने माणसे खिडक्या लावून झोपतात, तक्रारी करतात आणि सकाळी वास गेलेला असतो. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांचा पाठ आहे. दिवसा वारा खाडीकडून जमिनीकडे येतो, रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. कारखाने पूर्वेला पारसिकच्या डोंगराकडे आहेत, वस्ती मध्ये आहे आणि खाडी पश्चिमेला. त्यात हिवाळ्यातील थंड, जड हवा जमिनीलगत साचून राहते. म्हणजे वास रात्रीच का येतो, याचे बरेचसे उत्तर आमच्या मुलांनी परीक्षेत लिहिलेले असते, पण तो प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलेला नसतो. पाच-सहा शाळांतील मुलांनी हिवाळाभर वासाची वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवली, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मोघम तक्रारीऐवजी एक नकाशा घेऊन जाता येईल.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये लोकांना ओले कापड तोंडावर धरा एवढेही सांगणारे कोणी नव्हते. कारखान्यांच्या पट्ट्याशेजारी रोज शाळेत येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना वायुगळती झाली तर काय करायचे हे माहीत नाही. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून तिथे खाली बसून राहायचे नसते. शीतगृहांत वापरला जाणारा अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. गळतीपासून पळताना वाऱ्याच्या बरोबर धावायचे नसते, वाऱ्याला आडवे जायचे असते. हे ज्ञान असलेले मूल कारखान्याला कमी भीत असेल की जास्त, हे मला ठाऊक नाही. ते जिवंत राहण्याची शक्यता मात्र जास्त आहे.

याच क्लोरीनचा एक छोटा प्रयोग आमच्या वर्गात झाला. मुलांनी घरच्या नळाचे पाणी बाटल्यांतून आणले आणि मी हातमोजे घालून प्रत्येक नमुन्यात चाचणीचे थेंब टाकले. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन आपल्याकडे येते आणि नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असा दंडक आहे. बहुतेक नमुन्यांना फिकट पिवळी छटा आली, म्हणजे त्यांत क्लोरीन होते. एका मुलीचा नमुना अगदी स्वच्छ, बिनरंगी राहिला आणि तिला वाटले की आपले पाणी सर्वांत शुद्ध आहे. पाण्यात केमिकल नाही याचा अर्थ टाकीत जंतू वाढायला मोकळीक आहे, हे कळल्यावर तिने घरी सांगितले आणि इमारतीची टाकी धुतली गेली. क्लोरीन म्हणजे विष की औषध, हा वाद त्या दिवशी वर्गात झालाच नाही. मुले ‘किती?’ असे विचारू लागली होती, आणि विज्ञानाची भीती घालवायला मला त्याहून उपयोगी प्रश्न ठाऊक नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आणि महापालिकेच्या हातातल्या आहेत. पाणीपुरवठा विभागाने विभागवार क्लोरीन चाचणीचे निकाल दर आठवड्याला शाळांच्या फलकावर लावण्यासाठी पाठवावेत आणि निकाल चांगले नसतील त्या आठवड्यातही पाठवावेत. वाईट आकडा लपवला गेला हे एकदा लोकांना कळले, की पुढचे शंभर चांगले आकडे कोणी वाचत नाही. कारखान्यांच्या पट्ट्यालगतच्या प्रत्येक शाळेला त्या परिसरातील धोकादायक रसायनांची नावे आणि गळतीच्या वेळचा आराखडा सोप्या मराठीत मिळावा, शाळेच्या गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी लावावी आणि वर्षातून दोनदा तरी सराव व्हावा. कोणत्याही लसीकरणापूर्वी आरोग्य विभागाने रविवारी संध्याकाळी, म्हणजे कष्टकरी पालकांना येता येईल अशा वेळी, सभा घ्यावी. त्या सभेत भाषणे कमी आणि प्रश्न जास्त असावेत, नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न देण्याची सोय असावी आणि कुपी पालकांच्या हातात द्यावी. आठवी-नववीच्या मुलांना वर्षभरात भोकरपाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, वाशीचे विकिरण केंद्र आणि फळबाजार एवढ्या तीन ठिकाणी नेण्यासाठी बस आणि परवानग्यांची जबाबदारी शिक्षण विभागाने घ्यावी. परवानग्यांच्या कागदांमागे धावण्यातच शिक्षकांचा उत्साह संपतो.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल, आणि तो प्रश्न खरा आहे. सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन नोंदी यांत आमचे दिवस जातात. तरीही मी सुचवलेल्या बहुतेक गोष्टी अभ्यासक्रमाबाहेरच्या नाहीत. त्या त्याच पाठांच्या जागी बसतात आणि पाठ अधिक चांगला होतो. महापालिकेच्या शाळांपुरता एक निर्णय तर आजही घेता येईल : आठवीपर्यंतच्या प्रयोगवहीत आलेले वाचन जसेच्या तसे ठेवून ते चुकले का, याचे कारण लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत आणि सरळ रेषेसाठी आकडे बदलणाऱ्याचे गुण कापावेत.

जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी पाणीपुरवठा, आरोग्य आणि शिक्षण या तिन्ही विभागांचे अधिकारी व विज्ञान शिक्षक यांची एकत्र बैठक आपण बोलवावी, ही विनंती. आम्ही काही शिक्षक पाठांची आखणी आणि चाचणीच्या साहित्याची यादी तयार करून त्या बैठकीला येऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
कोपरखैरणे, नवी मुंबई